मार्टिनमसच्या कपाळावरचा भोवरा

त्या एप्रिलमध्ये न्यूमार्केटच्या माळावर तीन वर्षांच्या घोड्यांची मोठी शर्यत झाली आणि ती मार्टिनमसनं मारली. नुसती मारली नाही, तर त्याच्या आणि दुसऱ्या नंबरच्या लॅपविंगच्या मधे सहा घोडे एकामागे एक उभे राहतील एवढी जागा मोकळी होती. सगळ्या गावानं पैसे लावले होते लॅपविंगवर. तेव्हा संध्याकाळपर्यंत गावानं ठरवून टाकलं की लॅपविंगच्या स्वारानं, जेम क्वान्ट्रिलनं, पैसे खाऊन लगाम ओढून धरला. मालकानं त्याला दुसऱ्याच दिवशी घालवलं आणि मग एकही पागा त्याला दारात उभं करीना.

जेमचं घर थर्ल्बींच्या घराला लागून होतं, मधे एक भिंत. कोणीतरी त्याच्या दारावर चुन्यानं 'चोर' असं लिहून ठेवलं. जेमच्या बायकोनं, हेस्टरनं, ते घासून घासून काढलं. पण दार ओलं झालं की अक्षरं पुन्हा वर यायची. थर्झा थर्ल्बी सकाळी पाण्याला बाहेर पडली की तिकडे बघायचं नाही असं ठरवायची आणि तरी बघायची.

त्याच आठवड्यात मार्टिनमसच्या मालकाचं, मिस्टर डेंझिल रॅव्हनहिलचं पत्र थर्झाच्या वडलांना आलं. जिंकलेल्या घोड्याचं मोठं चित्र हवं होतं, मागे माळ, शेजारी मोतद्दार, नेहमीसारखं.

जोनस थर्ल्बी तीस वर्षं घोडे रंगवत होता. सफक परगण्यातल्या निम्म्या मोठ्या घरांच्या जेवणाच्या दालनांत त्याचे घोडे लटकत होते. त्याच्या घोड्यांचे पाय खरोखर जमिनीवर टेकलेले दिसायचे, असं लोक म्हणत. पाच वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, मग उजव्यात. थर्झा बाराव्या वर्षापासून त्याचे रंग घोटून देत होती. नजर मंदावली तशी ती आधी आभाळ भरायला लागली, मग मोतद्दारांचे कोट, मग घोड्यांचे पाय, आणि शेवटी सगळंच. आता ती एकोणतीस वर्षांची होती आणि गेली तीन वर्षं जोनसनं एकाही चित्रात एकही फटकारा मारला नव्हता. चित्र पुरं झालं की ती त्याच्या हातात कुंचला द्यायची, हात धरून कोपऱ्यावर टेकवायची आणि तो सही करायचा. सही मात्र अजून झोकात यायची.

पागेत गेले की जोनस घोड्याच्या पायांवरून हात फिरवत त्याच्या आज्या-पणज्यांच्या गोष्टी सांगायचा. लोक ऐकत राहायचे. थर्झा बादली पालथी घालून तिच्यावर वही घेऊन बसायची. मुलगी टिपणं घेते, असं जोनस सांगत असे आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नसे.

रॅव्हनहिलच्या पागेत ते गेले तेव्हा बोचरा वारा सुटला होता. मार्टिनमसला अंगणात आणलं. गर्द कुमाईत, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, अंगावर पांढरा ठिपका नाही, कुठे खूण नाही. थर्झाला तो घोडा माहीत होता. दोन वर्षांपूर्वी, तो अजून शिंगरू असताना, एक्सनिंग गावच्या एका विधवा बाईंच्या घोडपैदाशीत तिनं त्याचं आणि त्याच्या आईचं चित्र केलं होतं. पुढे बाई बाथला राहायला गेल्या, चित्र बरोबर घेऊन गेल्या आणि शिंगरं विकली. रॅव्हनहिलनं मार्टिनमस तिथूनच घेतला होता.

तिनं आधी मान काढली, मग छाती. छाती काढताना तिला काहीतरी खटकायला लागलं. तीन वर्षांच्या घोड्याची छाती एवढी भरलेली नसते. पण शर्यतीचे घोडे लवकर भरतात, काहींना दाणा जास्त मिळतो, असं म्हणून ती पुढे सरकली. मोतद्दार ओबेड फिंच जोनसशी बोलण्यात गुंतला होता. ती डोक्यापाशी आली तेव्हा वाऱ्यानं घोड्याची झुलपं एका बाजूला उडवली आणि तिला कपाळ दिसलं.

कपाळावर केसांचे दोन भोवरे होते, एकाखाली एक, अगदी मधोमध.

ती उठली आणि हातानं झुलपं वर धरून नीट पाहायला लागली. ओबेड लगबगीनं आला आणि त्यानं तिचा हात बाजूला केला.

"तिथे हात लावलेला त्याला आवडत नाही, मिस," तो म्हणाला. घोडा तर डुलक्या काढत होता.

थर्झा परत बादलीवर जाऊन बसली. तिनं पुढचे दोन तास काम केलं, सगळी मापं घेतली. घरी आल्या आल्या डोक्यावरची टोपीही न काढता तिनं कपाट उघडलं आणि जुन्या वह्या खाली ओढल्या. एक्सनिंगची वही सापडली. लाल खडूनं काढलेलं शिंगराचं डोकं, समोरून आणि बाजूनं, खाली तारीख. एकच भोवरा, डाव्या डोळ्याच्या वर, बराच उंचावर. तिनं शेजारी लिहूनही ठेवलं होतं: 'भोवरा एकच, डावीकडे.'

तिनं वडलांना सांगितलं. जोनस शेकोटीपाशी बसून मटणाचा रस्सा पीत होता. तो म्हणाला की केस वाढले की फरक पडतो, शिंगराची लव वेगळी असते. थर्झा म्हणाली की भोवरा मरेपर्यंत जागचा हलत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. जोनसनं वाडगा खाली ठेवला.

"मग तो दुसरा घोडा आहे," तो हळूच म्हणाला.

"चार वर्षांचा असणार. कदाचित पाचही. तीन वर्षांच्या पोरांमधे मोठा घोडा घुसवला, बाबा. जेमनं काहीही केलेलं नाही. त्यानं लॅपविंगला जीव तोडून पळवलं असतं तरी तो हरला असता."

जोनसनं पाय शेकोटीपासून मागे घेतले. मग त्यानं विचारलं की ती हे कोणाला सांगणार आणि काय सांगणार. दोन वर्षांपूर्वी ते डोकं कोणी पाहिलं? आज कोणी पाहिलं? पंच विचारतील तेव्हा तो काय सांगणार, की मला दिसतं? आणि ती काय सांगणार, की यांना दिसत नाही? मग ज्यांच्या ज्यांच्या भिंतींवर गेल्या तीन वर्षांतली चित्रं आहेत ते सगळे उद्या विचारतील की आम्ही नक्की कोणाचं चित्र घेतलं.

"घोडा रंगव आणि सोडून दे," तो म्हणाला.

ती घोडा रंगवायला लागली, पण सोडून देणं तिला जमेना. कॅनव्हाससमोर उभी राहिली की तिचे हात चालत आणि मन भलतीकडेच फिरत असे. ती एक पाय पुरा करी, पुसून काढी, पुन्हा करी. पहाटे उठून ती टेकडीवर जायची. तिथे घोड्यांच्या रांगा व्यायामाला यायच्या, नाकातून वाफा सोडत वर चढायच्या, आणि ती प्रत्येकाच्या कपाळाकडे बघत बसायची. जेवायला बसली की मधेच उठून खिडकीशी जायची. जोनसला तिची पावलं ऐकू यायची. एकदा तो म्हणाला की या घरात एक घोडा बांधलेला असता तरी इतकी खुरं आपटली नसती.

शेवटी तिनं एक पळवाट काढली. तिनं चित्रातल्या घोड्याची झुलपं वाऱ्यानं उडालेली दाखवली आणि कपाळावर ते दोन भोवरे लख्ख काढले, एकाखाली एक. इथे घोड्यांत जन्म काढलेले लोक राहतात, एक्सनिंगच्या पैदाशीतले जुने मोतद्दार अजून गावात आहेत, त्यांच्यातला एखादा तरी पाहील, असं तिला वाटलं. म्हणजे कोणी पाहिलंच तर तिला तोंड उघडावं लागणार नव्हतं.

मेच्या शेवटी रॅव्हनहिलनं ते चित्र एका खानावळीच्या मोठ्या खोलीत लोकांना बघायला ठेवलं, छापील प्रती काढायच्या आधी ग्राहक नोंदवावेत म्हणून. दोन दिवस अख्खं गाव येऊन गेलं. थर्झा वडलांचा हात धरून कोपऱ्यात उभी होती. लोक म्हणाले की घोडा जणू आता बाहेर येईल. म्हणाले की म्हाताऱ्याच्या हातात अजून जादू आहे. एकानं ओबेड फिंचचा कोट ओळखला आणि सगळे हसले. एक्सनिंगचा एक जुना मोतद्दारही आला होता. तो चित्रासमोर खूप वेळ उभा राहिला, आणि मग त्यानं मान हलवून सांगितलं की असा मागचा भाग त्यानं आयुष्यात पाहिला नाही. कपाळाकडे कोणी पाहिलंच नाही.

घरी येताना क्वान्ट्रिलांच्या दाराशी एक हातगाडी उभी होती. हेस्टर तिच्यावर गाद्या बांधत होती. जेमला गावात काम मिळणं शक्य नव्हतं, यॉर्कशरमधे त्याचा एक चुलतभाऊ शेतावर होता, तिकडे ते जायचे होते. जेम उंबऱ्यावर बसला होता. एवढासा, हलका, वाकड्या पायांचा माणूस. बावीस वर्षं तो घोड्यांवर बसला होता आणि आता हातांचं काय करावं हे त्याला कळत नसल्यासारखे ते गुडघ्यांवर ठेवून बसला होता. त्यानं जोनसला विचारलं की चित्र कसं झालं. जोनस म्हणाला, बरं झालं. जेम म्हणाला की घोडा चांगला आहे, त्याबद्दल काही बोलता यायचं नाही, एवढं पळणारं जनावर त्यानं पाहिलं नव्हतं.

"मी त्याच्या मागे होतो ना," तो म्हणाला. "मला वाटलं मीच उभा आहे."

थर्झा घरात गेली नाही. तिनं वडलांना उंबऱ्यापर्यंत सोडलं, वही शालीखाली घेतली आणि सरळ जनरल पोलवार्थच्या घराकडे चालू लागली. जनरल त्या वर्षी शर्यतीच्या पंचांत सर्वांत ज्येष्ठ होता. लढाईत त्याच्या एका हाताची तीन बोटं गेली होती आणि गावात तो तुसडा म्हणून प्रसिद्ध होता. त्यानं तिला उभं ठेवूनच वही चाळली. तिनं शिंगराचं डोकं दाखवलं आणि सांगितलं की खानावळीत जाऊन चित्र पाहा, मग पागेत जाऊन घोडा पाहा. त्यानं विचारलं की ही वही कोणाची.

तिथे तिची जीभ अडखळली. ती म्हणाली, माझ्या वडलांची.

पंचांचं बोलावणं दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. जोनसला ते तिनंच वाचून दाखवलं. ती घाबरली होती की तो ओरडेल, पण तो ओरडला नाही. त्यानं आपला काळा कोट मागितला, दाढी करून घेतली आणि निघताना म्हणाला की तुझ्या शब्दाला तिथे कोण विचारतं, माझं नाव चालतं. तेव्हा मीच सांगतो की शिंगरूही मी पाहिलं, घोडाही मी पाहिला, दोन्ही मी काढले. तू माझा हात धर आणि गप्प राहा.

पंच खानावळीच्या त्याच खोलीत बसले होते, चित्राखाली. जनरल मधे, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गृहस्थ. रॅव्हनहिल खिडकीशी उभा होता. चाळिशीचा, देखणा, हातमोजे एका हातात. त्याच्या चेहऱ्यावर चिंतेचं नावनिशाण नव्हतं. जोनसनं आपलं सांगितलं, ठाम आवाजात, मधे न अडखळता. थर्झाला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला, आणि पुढे काय होणार याची भीतीही.

रॅव्हनहिल खिडकीपासून पुढे आला.

"म्हातारबा, हे माझ्या हातात काय आहे?"

जोनसनं आवाजाच्या रोखानं मान वळवली. रॅव्हनहिलचा हात रिकामाच होता. हातमोजे त्यानं खुर्चीवर ठेवले होते.

"तीन वर्षं झाली, याला दिवस आणि रात्र एवढंच कळतं," रॅव्हनहिल पंचांना म्हणाला. "माझ्या मोतद्दारांना विचारा, सगळ्या पागांना ठाऊक आहे. मी दया म्हणून काम दिलं. आणि हा येऊन भोवरे मोजतो."

खोलीत कोणीतरी हसलं. जोनसचं तोंड थोडं उघडलं आणि मिटलं. थर्झाच्या हातातला त्याचा दंड एकदम जड झाला.

"वही माझी आहे," ती म्हणाली. "शिंगरू मी काढलं. हे चित्रही मीच काढलं. गेली तीन वर्षं सगळं मी काढते आहे."

जनरलच्या डावीकडे बसलेल्या पंचानं सांगितलं की बाईमाणसानं वडलांसाठी खोटं बोलणं समजू शकतं, पण इथे एका सभ्य गृहस्थाच्या अब्रूचा प्रश्न आहे. जनरलनं आधी वहीकडे पाहिलं, मग वर चित्राकडे, मग तिच्या बोटांकडे. नखांत गेरू होता.

"खाली अंगणात माझी घोडी बांधली आहे," तो शेवटी म्हणाला. "जाऊन बघून या. शंभर मोजेपर्यंत वेळ देतो. मग इथे बसून तिचं डोकं काढा."

ती गेली. एक माणूस तिच्याबरोबर अंगणात उभा राहून मोठ्यानं आकडे मोजत होता. घोडी करडी होती, वयानं उतरलेली, एका कानाला खाच. थर्झानं कानाकडे पाहिलंच नाही. कान तर कोणीही पाहील. तिनं झुलपं उचलली. ती वर आली तेव्हा तिला एका कागदाचा तुकडा दिला गेला आणि खानावळीच्या मालकाकडून मागून आणलेली पेन्सिल. पेन्सिलीचं टोक बोथट होतं. तिनं पहिली रेघ ओढली. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच ती कशाचाही विचार करत नव्हती. नाकपुडी, गालाचं हाड, डोळ्याच्या वरचा खड्डा जो म्हाताऱ्या घोड्यांना पडतो, आणि कपाळावर भोवरा, जो गोल नव्हता. तो लांबट होता आणि कणसासारखा उजवीकडे कलला होता.

जनरलनं कागद हातात घेतला.

"नऊ वर्षं मी हिच्यावर बसतो," तो म्हणाला. "असं काही तिला नाही."

मग तो उठला, टोपी न घालताच जिना उतरला आणि अंगणात गेला. सगळे खिडकीशी जमले. वरून दिसत होतं: टकलावर ऊन, धडक्या हातानं तो झुलपं वर करतोय, कागद जवळ धरतोय, पुन्हा बघतोय. तो तिथे बराच वेळ उभा होता. घोडीनं त्याच्या खिशात तोंड घातलं.

वर आल्यावर त्यानं तो कागद जपून वहीत ठेवला. तो रॅव्हनहिलकडे वळला.

"मिस्टर रॅव्हनहिल, म्हातारा आंधळा आहे हे तुम्हाला तीन वर्षं ठाऊक होतं. या गावात डोळे असलेले पाच चित्रकार आहेत. तुम्हाला हाच का हवा होता?"

रॅव्हनहिलनं पुन्हा दयेचं काहीतरी सांगितलं. पण आता कोणी हसलं नाही. थर्झाला तेव्हा कुठे उमगलं की ते पत्र तिच्या वडलांना का आलं होतं. पंचांनी हुकूम केला की परवा सकाळी दहा वाजता घोडा माळावर आणावा, त्याचे दात पाहून वय ठरवण्यात येईल.

परवा सकाळी अर्धं गाव माळावर जमलं, पण घोडा आला नाही. पागेत नुसतं गवत होतं. ओबेड फिंच एकटाच तिथे झाडत होता. घोडा काल पहाटेच हारविचच्या बंदराकडे चालवत नेल्याचं त्यानं कबूल केलं, तिथून बोटीनं परदेशी. मालक त्याच्यामागोमाग गेला होता. ओबेड रडत होता, पण मालकासाठी नव्हे. ते जनावर आपल्याशिवाय बोटीत घाबरेल, असं तो ज्याला त्याला सांगत होता.

आठवड्यानं शर्यत लॅपविंगच्या नावावर झाली. जेमवरचा आरोप मागे घेतल्याचा कागद खानावळीच्या दारावर लागला. लॅपविंगच्या मालकानं जेमला चार ओळींचं पत्र पाठवलं, सभ्य शब्दांत, पण जागा परत दिली नाही. तिथे तोवर दुसरा स्वार लागला होता. मात्र यॉर्कशरमधल्याच एका पागेतून बोलावणं आलं. म्हणजे जायचं होतं तिकडेच जायचं, पण शेतावर नाही, घोड्यावर.

चौकशीमुळे क्वान्ट्रिलांचं जाणं लांबलं होतं; निघायच्या दिवशी हेस्टर थर्झाकडे आली. तिनं एक मोठा केक आणला होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "एक विचारू? तुला हे कधीपासून माहीत होतं?"

थर्झानं खरं सांगितलं. एप्रिलपासून.

हेस्टरनं मान हलवली. तिच्या हातांची कातडी अजून सोललेली होती, दार घासून घासून. "आणि मग बोललीस ते आमच्यासाठी?"

थर्झाला हो म्हणायचं होतं. पण त्या दिवशी खोलीत 'मी काढलं' हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा तिला जे वाटलं होतं, ते तिला चांगलं आठवत होतं, आणि त्यात जेम कुठेच नव्हता. ती म्हणाली की तिला सांगता येत नाही. हेस्टर उठली. मग म्हणाली की केक आज खाऊ नकोस, उद्या जास्त चांगला लागेल, आणि गेली.

घरात जोनस बोलेनासा झाला होता. तो जेवायचा, शेकोटीशी बसायचा, विचारलं तर हो-नाही म्हणायचा. चित्रं परत यायला लागली. तीन घरांनी ती भिंतीवरून उतरवून पाठवून दिली. एका बाईंनी लिहिलं की चित्र ठेवते, पण सही पुसून द्या. थर्झा ती सगळी भिंतीशी टेकवून ठेवायची आणि रात्रंदिवस त्यांच्यामधून येरझारा घालायची. कधी तिला वाटायचं की यांतला एकेक घोडा घेऊन दारोदार जावं आणि सांगावं, नीट बघा, याच्यात काय कमी आहे. कधी वाटायचं की सगळी जाळून टाकावीत. हाताला काम नव्हतं.

एक दिवस ती अशीच फिरत असताना जोनस शेकोटीकडे तोंड करून म्हणाला, "माझ्या तोंडून यायला हवं होतं."

ती थांबली.

"रॅव्हनहिल मला आंधळा म्हणाला, ते चाललं. मी आंधळा आहेच. पण 'माझी मुलगी काढते' हे मी म्हणायचं होतं. तू मला तेवढाही वेळ दिला नाहीस."

"तुम्ही म्हणाला असतात?"

जोनसनं खूप विचार केला. "माहीत नाही," तो म्हणाला. "आता कधी कळायचंही नाही."

ऑगस्टमधे बरी सेंट एडमंड्स गावाहून एक पत्र आलं. तिथल्या एका दारू गाळणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच्या गाडीच्या घोडीचं चित्र हवं होतं. शर्यतीची नाही, पिंपं ओढणारी, पंधरा वर्षं चाकरी केलेली. पत्र मिस थर्ल्बींच्या नावानं होतं. थर्झानं ते मोठ्यानं वाचलं, नाव सोडून. जोनस म्हणाला की नावही वाच. तिनं वाचलं.

त्यानं काळा कोट मागितला. ती म्हणाली की तुम्ही यायलाच हवं असं नाही. तो म्हणाला की ओझं वाहणाऱ्या घोड्यांचे पाय तू कधी काढलेले नाहीस, त्यांचे सांधे हातानं पाहावे लागतात, आणि तुझे हात रंगाचे आहेत, घोड्याचे नाहीत.

बरीच्या रस्त्यावर ते गाडीची वाट पाहत उभे राहिले. ऊन चढलं होतं, धूळ उडत होती. थर्झा दोन पावलं पुढे जाई, वाकून रस्त्याकडे बघे, परत येई. वहीची पिशवी तिनं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली, पुन्हा पहिल्यावर घेतली. जोनसनं विचारलं की घोडीचा रंग कोणता. पत्रात लिहिलेलं नाही, ती म्हणाली. करडी असली तर सावलीत निळा फार घालू नकोस, तो म्हणाला. माहीत आहे, ती म्हणाली.

"आणि खाली काय लिहिणार आहेस?"

ते तिनं अजून ठरवलं नव्हतं. गेले पंधरा दिवस ती वहीच्या मागच्या पानांवर लिहून बघत होती, कधी पूर्ण नाव, कधी नुसतं आडनाव, कधी दोघांची मिळून अक्षरं, आणि एकही तिला आपलं वाटत नव्हतं.

"रंग वाळायच्या आत ठरव," जोनस म्हणाला. मग त्यानं मान तिरकी केली. "गाडी आली. पुढचा उजवा घोडा लंगडतोय."

थर्झानं रस्त्याकडे पाहिलं. गाडी अजून वळणापलीकडेच होती, नुसती धूळ दिसत होती. तिनं वडलांचा हात धरला आणि दोघं रस्त्याच्या कडेला सरकले.